इंजिनावर ठेवलेला हात

कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी विमानं बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीने मला फसवलं. माझं चालू इंजिन माझ्याच हातून मारून घेतलं, त्या बदल्यात एक शब्द दिला आणि तो पाळला नाही. माझी मुलगी त्याच कंपनीत कामाला आहे. शब्द दिला तेव्हा ती समोर उभी होती.

हे मी शांत डोक्याने लिहितो आहे. फोनवर बोललो तेव्हा डोकं शांत नव्हतं. त्यामुळे माझं म्हणणं बाजूला राहिलं आणि माझा आवाज तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मिरकरवाडा बंदरावर माझी शेड आहे. मच्छीमारी बोटींची जुनी डिझेल इंजिनं घ्यायची, उघडायची, जे चालेल ते ठेवायचं, जे गेलं ते बदलायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. आमचं गाव आत, लांज्याच्या बाजूला. दहावी झाल्यावर मी बंदरावर आलो आणि या शेडमध्ये नट धुवायला लागलो. रॉकेलच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून दिवसभर नट धुवायचे. आज ती शेड माझी आहे. जुन्या मालकाने ती मला हसत हसत विकली असं कोणी म्हणणार नाही.

आमच्याकडे सौदा कसा होतो ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घासाघीस किती का होईना, चहा किती का होईना, शेवटी घेणारा आणि देणारा दोघेही इंजिनाच्या झाकणावर उघडा पंजा ठेवतात. तिथे सौदा झाला. त्यानंतर बोली बदलायची नाही, माल बदलायचा नाही, घरी विचारून येतो म्हणायचं नाही. कागद झाला तर नंतर होतो, पुष्कळदा होतही नाही. ही पद्धत कोणी पाडली ते मला माहीत नाही, मी नट धुवायचो तेव्हाही होती. तिच्यात शहाणपण आहे. गरम इंजिनावर पंजा ठेवता येत नाही. म्हणजे देणाऱ्याला इंजिन थंडच दाखवावं लागतं, आणि थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं की कुंथतं, ते घेणाऱ्याला बघायला मिळतं. आधी तासभर चालवून, गरम करून, गिऱ्हाइकासमोर एका बोटाने सुरू करून दाखवणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याशी मी बोलत बसत नाही. नुसता हात लावतो आणि निघतो.

मुलगी लहान असताना शाळा सुटली की शेडवर यायची. मोठ्यांनी हात ठेवले की ती मध्ये घुसून आपला पंजा वर ठेवायची. गिऱ्हाइकं हसायची. एक तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, तर तिच्यासाठी थांबायचा. "बाय येऊ दे, मग हात ठेवू," म्हणायचा. पद्धत काय आहे हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

ती शिकायला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर मांडवीच्या किनाऱ्याला आमच्या घरी राहिला. त्यावर विमानाचा एक खेळ होता. लढाऊ विमान, जुन्या महायुद्धातलं, एक इंजिन, पुढे पंखा. पावसाळ्यात बोटी बंद असतात. एका दुपारी मी सहज तो लावला आणि पहिल्याच दिवशी समुद्रात पडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलो. मग जॉयस्टिक आणली.

बायको म्हणाली, "अहो, बोटींचं कमी होतं का, आता विमानं?"

"विमानाला बर्फ भरावा लागत नाही," मी म्हटलं.

मला गोळ्या मारण्यात फार गोडी नाही. मला गोडी आहे गोळी लागल्यानंतरची. आपल्याला मार बसला आहे, किनारा लांब आहे, काय तुटलंय ते नीट कळत नाही, आवाज बदललाय, काटे हलताहेत, आणि तेवढ्यातून ते धूड घरी आणायचं. हा माझ्या ओळखीचा प्रदेश आहे. पण या खेळांत सगळ्यात खोटी असते ती हीच गोष्ट, मोडतोड. त्या पहिल्या खेळात विमानाला नुसता एक आकडा होता. गोळी लागली की त्यातून वजा. शून्य झालं की स्फोट. शून्याच्या एक पायरी अलीकडे असलं तरी विमान नव्यासारखं पळायचं. असं यंत्र मी जन्मात पाहिलेलं नाही. यंत्र एकदम मरत नाही, आधी कुरकुरतं.

पुढे बरे खेळ आले. त्यांत पंख वेगळे, शेपूट वेगळी, टाकी वेगळी. उजव्या पंखाला भोक पडलं की विमान उजवीकडे कलतं, मग जॉयस्टिक डावीकडे दाबून धरावी लागते आणि हात भरून येतो. चाकाची नळी फुटली असली तर ते उतरताना कळतं, आधी नाही. शेपटीच्या दोऱ्यांपैकी एक तुटली तर एका बाजूला वळता येतं, दुसऱ्या बाजूला नाही. हे मला पटतं. बोटीची सुकाणूची साखळी तुटते तेव्हा असंच होतं. तरीसुद्धा इंजिनाच्या बाबतीत सगळेच हात आखडता घेत होते. पंख कागदासारखा फाटलेला दाखवतील, पत्र्याखालच्या फासळ्या दाखवतील, पण इंजिनाला मात्र दोनच अवस्था. चालू आणि बंद.

या नादातच खेडचे एक मास्तर भेटले. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. प्रत्यक्ष भेट दोनदाच झाली, पण रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून आम्ही एकत्र उडतो. माणूस चिकट आहे. नवीन विमान आलं की आम्ही लढत नाही, तपासतो. मी सरळ उडत राहतो आणि ते मागून मारतात.

"शेट, मारू?"

"मारा. पण बेताने. उजवा पंख, टोकाकडे."

"लागली?"

"मास्तर, ही शेपटीला लागली. फळ्यावर खडू मारता तसं मारू नका."

"तुम्ही सरळ धरलंत तर ना. दारू प्यायलेल्या सायकलवाल्यासारखे चाललाय."

अशी आमची तपासणी. लोकांना यात काय मिळतं असं वाटेल. मी जुनी इंजिनं घेतानाही हेच करतो. विकणारा सांगतो ते ऐकायचं, आणि मग आपण ठोकून बघायचं.

मुलीचं शिक्षण झालं आणि तिला पुण्यातच अशा एका कंपनीत काम लागलं, जी या खेळांसाठी एकेक विमान बनवते. म्हणजे विमानाचं चित्र, आवाज, काटे, वजन, आणि मोडतोड. मोडतोडीचं काम तिच्याकडे आलं. तिने फोनवर सांगितलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाशी घासाघीस न करता सौदा केला. ते अजून बंदरात सांगतात.

एकदा घरी आली असताना तिने विचारलं, "बाबा, तेल गेल्यावर इंजिन नक्की कसं मरतं? म्हणजे आधी काय होतं, मग काय?"

मी तिला एका तांडेलाची गोष्ट सांगितली, तोच जो तिच्या हातासाठी थांबायचा. पूर्णगडच्या समोर त्याच्या इंजिनाची तेलाची नळी फुटली. रेस पूर्ण दिली असती तर दहा मैलांच्या आत इंजिन जाम झालं असतं. त्याने रेस उतरवली, बोट रांगती ठेवली, नळीला कापड आवळलं, आणि खलाशांच्या जेवणाचं गोडंतेल इंजिनात ओतत ओतत मिरकरवाड्यात आला. इंजिन मी उघडलं. बेरिंग गेली होती, पण बाकी शाबूत. त्या दिवशी खलाशांनी कालवण बिनतेलाचं खाल्लं, यावरून तांडेल अजून शिव्या खातो.

"म्हणजे मार बसल्यावर पुढे कसं चालवलं त्यावर सगळं असतं," ती म्हणाली.

"सगळंच त्यावर असतं."

तिने वही ओढून ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडे कोणाला हे ठाऊक नाही. सगळे गोळी लागण्यापर्यंतचंच बोलतात."

मग तिने विचारलं की एखाद्या भंगारातल्या इंजिनाचा आवाज नोंदवता येईल का. मी म्हटलं, भंगारातलं आधीच मेलेलं असतं, त्याचा मरतानाचा आवाज कुठून आणणार? चालू इंजिन पाहिजे. माझ्याकडे सहा सिलिंडरचं एक होतं, नुकतंच बांधलेलं. विमानाचं पेट्रोलवर, हे डिझेलवर, एवढा फरक. पण तेल आटल्यावर लोखंड लोखंडाला घासतं ते दोन्हीकडे सारखंच.

शुक्रवारी बंदरात धांदल कमी असते, म्हणून शुक्रवारी सकाळी बोलावलं. तिच्या कंपनीचा मुख्य आला, बरोबर आवाज नोंदवणारे दोघे. मुख्य म्हणजे पस्तिशीचा गृहस्थ, दाढी कोरलेली, पांढरे बूट. मिरकरवाड्यात पांढरे बूट घालून आलेला माणूस एकतर नवीन असतो किंवा नवरदेव. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला काका. मुलीने इंजिनाला ठिकठिकाणी तापमान मोजायच्या तारा चिकटवल्या. माझ्या कारागिरांना मी लांब उभं केलं, कारण ते इंजिन त्यांनीच बांधलं होतं आणि त्यांची तोंडं मला बघवत नव्हती.

"काका, याचं आम्ही काय देऊ तुम्हाला?" साहेबाने विचारलं.

"काही नको."

"असं कसं? निदान आभाराच्या पाटीवर तुमचं नाव टाकतो."

"नाव बोटीवर असतं. मला एक गोष्ट पाहिजे. तुमच्या विमानाचं तेल गेलं आणि चालवणाऱ्याने रेस कमी केली, तर इंजिन जास्त टिकलं पाहिजे. जो दामटवेल त्याचं लवकर जावं, जो सांभाळेल त्याचं उशिरा. एवढं करा."

"एवढंच?" तो हसला. "ते तर करतोच आहोत, काका."

"करतोच आहोत नको. करणार म्हणा."

"करणार."

"मग हात ठेवा."

मी झाकणावर पंजा ठेवला. त्याने माझ्याकडे बघून दोन बोटं टेकवली.

"बोटं नाही," मी म्हटलं. "पंजा. सपाट."

त्याने पंजा ठेवला. मग मुलीकडे वळून म्हणाला, "थांब थांब, एक फोटो घे. मस्त आहे हे." तिने फोन काढला आणि आमचा फोटो घेतला. ती काही बोलली नाही.

मी इंजिन सुरू केलं, पाणी फिरू दिलं, गरम झाल्यावर खालचा तेलाचा नट काढला. तेल टबात पडलं. पहिल्यांदा प्रेशरचा काटा थरथरला आणि पडला. त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. आवाज उलट हलका झाला, ऐकायला बरा. हेच नव्या माणसाला फसवतं. मग बारीक टकटक सुरू झाली, कोणी दारावर नखाने वाजवावं तशी. तापमान चढायला लागलं. मी मुद्दाम रेस उतरवली. टकटक मंदावली, तापमानाचं चढणं सावकाश झालं.

"हे बघ गो," मी मुलीला ओरडून सांगितलं. "हे नोंदव. हेच पाहिजे."

"दिसतंय, बाबा," तिनेही ओरडून सांगितलं. तिचं लक्ष पडद्यावर होतं आणि चेहरा लहानपणी असायचा तसा होता.

मग मी रेस चढवली. टकटकीचे ठोके झाले, काळा धूर आला, जळक्या लोखंडाचा वास सुटला, ठोके दणके झाले, आणि एक धक्का देऊन सगळं थांबलं. लाकडाचा पाया हलला. शेडमध्ये बाहेरच्या कावळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

आवाज नोंदवणाऱ्यांतला एक म्हणाला, "भारी. पुन्हा एकदा घेता येईल?"

"येईल," मी म्हटलं. "दुसरं इंजिन घेऊन या."

विमान विक्रीला आलं तेव्हा जाहिरातीत तो फोटो होता. दोन पंजे, इंजिनाचं झाकण, आणि वर ओळ, की या विमानासाठी खऱ्या इंजिनाचा शेवट नोंदवला आहे. तो फोटो मिरकरवाड्यात फोनाफोनी फिरला. विमानाशी तिथे कोणाला देणंघेणं नाही. पण पंजा सगळ्यांना ओळखू आला.

तांडेल शेडवर येऊन म्हणाला, "शेट, पुण्याला पण सौदे करायला लागलात?"

"मुलीच्या साहेबाशी केला."

"काय घेतलंत?"

मी सांगितलं. त्याला खेळाचं कळलं नाही, पण मागणी कळली. "म्हणजे माझं गोडंतेल विमानात गेलं," तो म्हणाला. "बरं झालं. त्यांनी दिलं का, ठरलं तसं?"

"देतील. हात ठेवलाय."

मी विमान घेतलं, मुलीने फुकट देऊ केलं होतं तरी विकत घेतलं. पहिले काही दिवस काम होतं. मग एका दुपारी उडालो, भांडणात इंजिनाला मार बसला. काचेवर तेल आलं, प्रेशरचा काटा थरथरला आणि पडला. अगदी तसाच. आवाज हलका झाला, तोही तसाच. माझंच इंजिन होतं ते, मला ओळखता आलं. मी रेस उतरवली आणि किनाऱ्याकडे तोंड केलं. टकटक सुरू झाली. मी रेस आणखी उतरवली. टकटक मंदावली नाही. ठोके, धूर, दणके, धक्का. किनारा समोर दिसत असताना पाण्यात पडलो.

म्हटलं, मार जास्त बसला असेल. पुन्हा उडालो. पुन्हा तसंच. तेव्हा मास्तरांना सांगितलं की रविवारी तपासणी आहे, घड्याळ घेऊन बसा.

पहिल्यांदा त्यांनी इंजिनावर मारलं आणि मी रेस पूर्ण ठेवली. इंजिन मेलं. दुसऱ्यांदा मी रेस जेमतेम तरंगण्यापुरती ठेवली.

"मास्तर, किती?"

"तेवढंच."

"नीट बघा."

"शेट, जन्मभर घड्याळ बघून तास घेतले मी. तेवढंच."

तिसऱ्यांदा मी मार बसताच इंजिनच बंद केलं. पंखा थांबला. उंचावरून नुसता तरंगत खाली येत राहिलो. जे चालूच नाही ते तेलावाचून घासणार कसं? मास्तर घड्याळ मोजत होते. "आता व्हायला पाहिजे," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी बंद इंजिनातून धूर आला, ठोके वाजले आणि ते जाम झालं. बंद इंजिन जाम झालं.

मास्तर हसत सुटले. "परीक्षेची घंटा आहे ही, शेट. पेपर लिहा नाहीतर झोपा काढा, ती वाजणारच."

मी जॉयस्टिक उपटून खिडकीबाहेर टाकली. बायकोने ती माडाच्या आळ्यातून उचलून आणली, पुसली आणि टेबलावर ठेवली. मग मी मुलीला फोन लावला. तेव्हा जे ओरडलो ते मांडवीच्या वाळूवर फिरायला आलेल्यांनीही ऐकलं असेल. ते इथे लिहीत नाही. ओरडणं संपल्यावर जे बोलणं झालं ते लिहितो.

"टाइमर आहे, बाबा," ती म्हणाली. "तेल गेलं की टाइमर सुरू होतो."

"कोणी केलं?"

"मीच."

"शेडमध्ये जे नोंदवलंस त्याचं काय झालं?"

"ते आधी लिहिलं होतं. तापमान, भार, तेल, सगळं. रेस उतरवली की जास्त टिकायचं. तुम्ही दाखवलंत तसंच चालत होतं."

"मग?"

"एका विमानाला चालत होतं. आकाशात पन्नास विमानं आली की लोकांचे कॉम्प्युटर गुदमरायचे. आणि जी मुलं तपासायला होती ती म्हणायची, कधी लगेच मरतं, कधी मरतच नाही, काही भरवसा नाही. त्यांना ते चुकीचं वाटायचं. साहेब म्हणाले काढ. काढलं."

"चुकीचं नव्हतं ते."

"मला माहीत आहे, बाबा." ती थांबली. "तेल गेल्यावर लोक विमान घरी आणत नाहीत. एक बटण दाबतात आणि नवीन घेतात."

"मी आणतो."

"तुम्ही एकटेच आणता."

तिचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. गिऱ्हाईक जे मागतं तेच दुकानात ठेवावं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको. त्यांनी आधीच सांगितलं असतं की आमच्याच्याने होणार नाही, तर मी इंजिन विकलं असतं आणि दुपारी जेवून झोपलो असतो. न जमणं ही फसवणूक नाही. पण मी म्हटलं, "त्याने हात ठेवला होता."

"त्यांच्यासाठी तो फोटो होता, बाबा."

"आणि तुझ्यासाठी?"

मी वाट बघितली. मग बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि जेवलीस का वगैरे विचारायला लागली.

दोन दिवसांनी साहेबाचा फोन आला. गोड बोलत होता. काका, तुमची नाराजी समजते, पुढच्या सुधारणेत बघू, तोवर एक नवीन जॉयस्टिक पाठवतो, जुनी तुटली असं कळलं. मी म्हटलं, जॉयस्टिक तुटलेली नाही. आणि बघू म्हणणाऱ्याला माझ्या शेडमध्ये बसायला खोकाही मिळत नाही. जॉयस्टिक तरीही आली. खोका तसाच परत पाठवला.

आता बंदरात विचारतात. तांडेल तर दर वेळी विचारतो, ठरलं तसं दिलं का? त्याचा हेतू वाईट नाही. त्याला त्याचं गोडंतेल कुठवर पोचलं ते बघायचंय. पण बाजूला चार माणसं उभी असतात आणि ती कान देतात. माझ्या शेडमध्ये पंजा ठेवून आजवर कोणी मागे फिरलेला नाही. फिरू बघणारे होते, त्यांना मी फिरू दिलं नाही, आणि कसं ते मिरकरवाड्याला ठाऊक आहे. हा पहिला. आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

बायको म्हणते, "पोरगी आहे ती आपली. गिऱ्हाईक नाही."

"तेच म्हणतोय मी. गिऱ्हाइकाला पद्धत माहीत नसते."

मुलगी आईला फोन करते, माझी चौकशी करते, माझ्याशी बोलत नाही. मीही मागत नाही. ती मे महिन्यात येईल असं कळतं. ते इंजिन मी भंगारात घातलेलं नाही. शेडच्या मागच्या भिंतीला आहे, तिच्या तारांचे डिंकाचे डाग अजून त्यावर आहेत. कारागीर जागा अडली म्हणून कुरकुरतात. कुरकुरू देत.

साहेबाला मी सोडून दिला. तो बाहेरचा माणूस. त्याला वाटलं म्हातारा हौशी आहे, हात ठेवा म्हणतो तर ठेवू. खोटं त्याने अजाणता केलं असं धरून चालतो. टाइमरचंही सोडतो, नोकरीत साहेब सांगेल ते करावं लागतं, मीही नट धुतलेत. पण फोटो काढणारीला तो पंजा काय आहे हे माहीत होतं. स्वतःचा हात त्या हातांच्या ढिगावर ठेवून ठेवूनच ती मोठी झाली. तिच्या एका वाक्याने साहेबाने हात मागे घेतला असता, किंवा ठेवला असता तर जाणून ठेवला असता.

ती आल्यावर तिने शेडवर यावं. चहा नंतर. आधी त्या इंजिनापाशी उभं राहावं आणि मला सांगावं, तो पंजा ठेवत होता तेव्हा "साहेब, हा फोटो नाही," एवढं तू का म्हणाली नाहीस? फोनवरचं उत्तर चालणार नाही.